पौर्णिमा बरोबर, तारीख चुकीची : पेगन दैनंदिनी 2024

पाचपैकी साडेतीन तारे. घाईत असलेल्यांसाठी सगळ्यात मोठी तक्रार आधीच सांगून टाकते. ही पेगनांसाठीची, म्हणजे ख्रिस्तपूर्व युरोपातल्या निसर्गपूजक परंपरा नव्याने पाळणाऱ्यांसाठीची दैनंदिनी. तिच्यातल्या सगळ्या पौर्णिमा, अमावस्या आणि अयनदिन (वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस) यूटीसी, म्हणजे ग्रीनिचवर आधारलेल्या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे छापले आहेत, आणि ते सांगणारी एकुलती एक ओळ शेवटच्या पानावर, छपाईच्या तपशिलाखाली, भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरांत आहे.

एप्रिल 2024 ची पौर्णिमा घ्या. यूटीसीप्रमाणे ती 23 तारखेला रात्री 11 वाजून 49 मिनिटांनी होती, म्हणून 23 च्या चौकोनात गोल चंद्र. पण त्या क्षणी ग्रीनिचच्या पूर्वेकडच्या जवळजवळ सगळ्या जगात 24 तारीख लागलेली होती. खुद्द लंडनमध्येही लागली होती, कारण तिथली घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे असतात. जूनच्या अयनदिनाचं तेच: 20 जून, यूटीसी रात्री 8:51. पृथ्वीवरच्या कितीतरी लोकांसाठी तो 21 ला आला. पौर्णिमा हा साऱ्या पृथ्वीसाठी एकच क्षण असतो, तारीख मात्र ज्याच्या त्याच्या घड्याळाची. कुणी म्हणेल, एका दिवसाने काय बिघडतं, चंद्र आदल्या रात्रीही गोलच दिसतो. खरं आहे. पण मला कामाची पाळी बदलून घ्यायची तर महिनाभर आधी अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जावर "23 किंवा 24, बघू" असं लिहिता येत नाही. आता प्रत्येक गोल चंद्राशेजारी मी आपल्या घड्याळाची वेळ पेन्सिलने लिहून ठेवते.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, आठवड्याआड रात्रपाळी असते. स्वतःला पेगन म्हणवते, पण कुठल्या कोव्हनमध्ये, म्हणजे एकत्र साधना करणाऱ्या मंडळात, नाही. जे करते ते एकटीने. देवदेवता खरोखर आहेत का, यावर माझं मत ऋतूगणिक बदलतं. सूर्य कुठून उगवतोय, चंद्र किती भरलाय, समोरच्या झाडाचं काय चाललंय, याकडे लक्ष ठेवणं ही माझी साधना, आणि तीत खंड पडत नाही. पाळ्या, बिलं, दंतवैद्याची वेळ यांच्या शेजारी या नोंदीही सहज बसाव्यात, एवढीच माझी दैनंदिनीकडून अपेक्षा. छापील मजकूर सगळा इंग्रजीत आहे. माझ्या नोंदी मराठीत असतात आणि ठिपक्यांच्या पानावर देवनागरी मोकळी बसते, तेव्हा त्याबाबत तक्रार नाही.

मुखपृष्ठाबाबत आहे. वर्तुळातला पाचकोनी तारा, सोनेरी, उठावाचा, चांगला तळहाताएवढा. घरी टेबलावर देखणा दिसतो. प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूजच्या शेजारी ठेवला की लोक नमुने विसरून त्याच्याकडे बघत राहतात. माझ्याबरोबर पाळीला असणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी लगेच विचारलं, "अगं, हे काळ्या जादूचं तर नाही ना?"

"नाही हो ताई, कॅलेंडर आहे."

"मग कॅलेंडरवर असलं चिन्ह कशाला?"

प्रश्न रास्त होता. भयपटांनी या ताऱ्याची जी अवस्था करून ठेवली आहे, ती ताईंनी केलेली नाही. नशिबाने दैनंदिनीतच एप्रिल महिन्यात एक टीप आहे: अमेरिकेत मृत सैनिकांच्या सरकारी थडग्यांवर हे चिन्ह कोरायला मान्यता मिळाली ती एप्रिल 2007 मध्ये, तीही कोर्टकचेरीनंतर. ती मी त्यांना वाचून दाखवली. "सैनिकांच्या थडग्यावर?" एवढंच म्हणाल्या आणि हातमोजे चढवून कामाला लागल्या. त्यानंतर त्यांनी कधी वाकडं विचारलं नाही. तरीही मी दैनंदिनीला खाकी कागदाचं कव्हर घातलं. मला लपवायचं काही नाही, पण रोज कामाआधी कुणा ना कुणाचं शंकानिरसन करत बसायची माझी तयारी नाही. शिवाय असे कितीतरी लोक आहेत ज्यांना घरी, नोकरीत किंवा भाड्याच्या खोलीत हे बोलताच येत नाही. त्यांच्यासाठी एका बाजूने साधं, उलटवून घालता येणारं कव्हर द्यायला हवं होतं. विकत घेणाऱ्यांतले निम्मे लोक उघडपणे तारा मिरवू शकतात, असं प्रकाशकांनी कशावरून धरलं कोण जाणे.

त्या टिपांबद्दल मात्र मनापासून आभार. जागोजागी "आजच्या दिवशी" अशी पट्टी आहे. 4 जानेवारी, विक्का या आधुनिक पेगन पंथाचे विधी लिहिणाऱ्या डोरीन व्हॅलिएंटे यांचा जन्म, 1922. 13 जून, त्याच पंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांचा जन्म, 1884. ब्रिटनने जादूटोण्याचा जुना कायदा 1951 मध्ये रद्द केला, आइसलंडने जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांच्या संघटनेला 1973 मध्ये अधिकृत धर्म म्हणून मान्यता दिली, ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहितांची परंपरा सांगणाऱ्या) मंडळींच्या एका जाळ्याला इंग्लंडमध्ये 2010 मध्ये धर्मादाय दर्जा मिळाला. "तुमचं हे नेमकं आहे तरी काय?" या प्रश्नाला माझ्या भावनांपेक्षा अशा तारखा लवकर पुरतात. ऊर्जा, कंपनं वगैरे म्हटलं की समोरच्याचे डोळे काचेसारखे होतात. कायदा आणि साल म्हटलं की तो ऐकतो.

आता जिच्यासाठी ही दैनंदिनी विकत घ्यावी ती गोष्ट. आठही सॅबटना, म्हणजे वर्षभरातल्या पेगन सणांना, इम्बोल्क, ओस्टारा, बेल्टेन, लिथा, लूनासा, मेबन, साविन आणि यूल यांना, दोन-दोन पानं दिली आहेत. डावीकडे नेहमीचा थाटमाट: वेदीवर काय मांडावं, कुठल्या रंगाच्या मेणबत्त्या, कुठली फुलं, वर्तुळ कसं आखावं. ते वाचून मला दरवेळी वाटतं की हे लिहिणाऱ्या व्यक्तीकडे बाग आहे, मोकळी संध्याकाळ आहे आणि शेजारी बहिरे आहेत. उजवीकडच्या पानाच्या तळाशी मात्र एका चौकटीत "छोटी आवृत्ती" असते. पाच मिनिटांची, विकत काहीही न आणता करायची, आणि बहुतेक वेळा ज्योत न पेटवता. ज्यांच्या डोक्यावर धुराचा अलार्म आहे किंवा घरमालकाने मेणबत्त्यांना बंदी केली आहे, त्यांना यातलं मोल वेगळं सांगायला नको.

इम्बोल्कची छोटी आवृत्ती: घरातला एकच कोपरा झाडा आणि वाहत्या पाण्याखाली हात धरा. झालं. लूनासाची: या वर्षी जे काम हाताला आलं त्यातल्या एकाला नाव द्या आणि ज्याने मदत केली त्याला आजच्या आज कळवा. 1 ऑगस्टला गुरुवार होता, मी पाळीवरून परतताना एका जुन्या वर्गमैत्रिणीला निरोप पाठवला. तिला हा सण ठाऊकही नाही. "आज काय विशेष?" असा तिचा उलट प्रश्न आला आणि त्यावरून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

माझ्या आवडीची लिथाची, म्हणजे जूनच्या अयनदिनाची आहे. भर दुपारी उन्हात उभे राहा, आपली सावली पावलांनी मोजा आणि आकडा खालच्या रेघेवर लिहा. डिसेंबरच्या अयनदिनाला, यूलच्या पानावर तशीच रिकामी रेघ वाट बघत असते. रात्रपाळीचं माणूस दुपारी झोपेतून उठून वाहनतळावर स्वतःच्या सावलीवरून टाचेला अंगठा लावत चालतंय, हे पहारेकऱ्याला विचित्र वाटलं असणार. त्याने मान वळवली, तेवढं सौजन्य पुष्कळ झालं. पण त्या दोन रेघांवरचे दोन आकडे शेजारी ठेवून बघितले तेव्हा पृथ्वीचा आस कललेला आहे, हे शाळेत पाठ केलेलं वाक्य मला पहिल्यांदा पायांना कळलं. डावीकडच्या पानावरच्या एकाही मेणबत्तीने हे केलं नसतं.

साविन 31 ऑक्टोबरला, माझ्या रात्रपाळीत आलं. छोटी आवृत्ती सांगते: गेलेल्या एका माणसाचं नाव मोठ्याने उच्चारा आणि त्याची एक सवय आठवा. मध्यरात्रीच्या सुट्टीत जिन्यात जाऊन मी आजीचं नाव घेतलं. तिला प्रत्येक दाराची कडी दोनदा ओढून बघायची सवय होती. खालून कुणीतरी "काय म्हणालात?" असं ओरडलं. मी म्हटलं, "काही नाही, फोनवर आहे." दुसऱ्या दिवशी अमावस्या होती, दैनंदिनीत ती ठळक काळ्या ठिपक्याने दाखवली आहे, आणि या वेळी तारीख माझ्या घड्याळाशीही जुळत होती.

दैनंदिनी सगळी उत्तर गोलार्धासाठी आहे, आणि तेही समशीतोष्ण भागासाठी. 1 मे आला की पानांवर कळ्या फुलतात, 1 ऑगस्टला गव्हाच्या लोंब्या. दक्षिण गोलार्धातले पेगन हे चक्र सहा महिने फिरवून घेतात, त्यांचं यूल जूनमध्ये असतं. त्यांच्यासाठी इथे अवघा एक परिच्छेद आणि "आपापल्या सोयीने बदल करावा" असा सल्ला. विषुववृत्ताजवळ ऋतू चार नसतातच, त्यांना तोही नाही. पौर्णिमांची "लांडगा चंद्र", "स्ट्रॉबेरी चंद्र" छापाची नावं उत्तर अमेरिकेतल्या पंचांगांमधली आहेत, पण ती जगाची परंपरा असल्यासारखी दिली आहेत. 19 ऑगस्टच्या "ब्लू मून"चं स्पष्टीकरण तेवढं चोख आहे. एका महिन्यातली दुसरी पौर्णिमा म्हणजे ब्लू मून, ही व्याख्या 1946 मध्ये "स्काय अँड टेलिस्कोप" मासिकातल्या एका चुकीतून पसरली. जुन्या हिशोबात एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरी ती. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी मोठ्या आत्मविश्वासाने "ऑगस्टमध्ये एकच पौर्णिमा आहे, मग ब्लू मून कसला?" म्हटलं तेव्हा मी पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. असे दिवस वर्षातून फार येत नाहीत, म्हणून नोंदवते.

इतिहासाच्या प्रस्तावनेवर मात्र लाल शाई वाया घालवावी लागली. आठ आऱ्यांचं हे वर्षचक्र "हजारो वर्षं अखंड" चालत आल्याचं त्यात म्हटलंय. यातले काही सण जुने आहेतच. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज इसवीसनापूर्वी 3200 च्या सुमाराचं आणि हिवाळी अयनदिनाचा सूर्य त्याच्या गाभ्यात शिरतो, तेही खरं. पण आठही सण एका चाकात बसवले गेले ते 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये, गार्डनर यांच्या मंडळींकडून आणि ड्रुइड परंपरेतल्या रॉस निकोल्स यांच्याकडून. "मेबन" हे शरद संपाताचं, म्हणजे सप्टेंबरमधल्या समान दिवस-रात्रीच्या सणाचं, नाव तर 1970 च्या दशकातलं. आपला धर्म माझ्या आईच्या वयाचा आहे, यात लाजण्यासारखं काय? त्याच प्रस्तावनेत चेटकीण ठरवून 90 लाख स्त्रिया जाळल्याचा आकडा पुन्हा डोकं वर काढतो. तो 18 व्या शतकातल्या एका जर्मन गृहस्थाच्या ढोबळ गुणाकारातून आलेला आहे. आजचे इतिहासकार युरोपातल्या अशा मृत्युदंडांची संख्या साधारण 40 ते 60 हजार मानतात, त्यात पुरुषही होते, आणि मारले गेलेले बहुतेक लोक स्वतःला ख्रिस्तीच समजत होते. इतक्या माणसांचा जीव जाणं पुरेसं भयंकर आहे. आकडा फुगवला की एखादा जाणकार तेवढंच धरून बाकीचं सगळं उडवून लावतो, आणि तो जाणकार नेमका आपल्याच पंगतीला बसलेला असतो.

मुखपृष्ठावर "पेगन" लिहिलंय, आत सगळं विक्का आहे. देवी आणि तिचा जोडीदार देव, केलेलं तिप्पट होऊन परत येतं हा नियम, "कुणाला इजा होत नसेल तर हवं ते कर" हे वचन. विक्कावाल्यांना यात वावगं वाटणार नाही. थॉर-ओडिन मानणारे, ग्रीक देवतांची उपासना करणारे, ड्रुइड किंवा माझ्यासारखे कुंपणावरचे यांना प्रत्येक आठवड्याला परक्या घरात जेवायला बसल्यासारखं होईल. दर रविवारी एक प्रश्न असतो: "या आठवड्यात देवीने तुला काय दिलं?" ज्या आठवड्यात यंत्र बंद पडून सगळे नमुने दुसरीकडे पाठवावे लागले, त्या आठवड्यात मी उत्तर लिहिलं होतं: "ओव्हरटाइम."

आणि तो "ऊर्जा-आलेख". रोज एक ते दहा आकडा टाकायचा. नोव्हेंबरमध्ये माझं मन नेहमीच खाली जातं, त्या दिवसांत वेदीवरची धूळसुद्धा पुसली जात नाही. अशा वेळी रिकाम्या रकान्यांची रांग आणि वर "साधनेत सातत्य हेच सामर्थ्य" असं छापील वाक्य नको वाटतं. मी तो रकाना सरळ झोपेच्या तासांसाठी वापरला. डॉक्टरांनाही दाखवता आला.

वनौषधी आणि स्फटिकांचा तक्ता वापरणार असाल तर हा परिच्छेद नीट वाचा. पेनीरॉयलच्या (पुदिन्याच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या) तेलाचा उल्लेख "शुद्धीसाठी" असा आहे, शेजारी इशारा नाही. ते तेल पोटात गेलं तर यकृत निकामी करू शकतं, त्याने माणसं मेलेली आहेत. टी ट्रीचं तेल मांजरांना विषारी असतं. त्याचीही नोंद नाही, आणि पेगन घरांत मांजर असण्याची शक्यता किती, ते तुम्हीच सांगा. "चंद्रजल" करायला कुठलाही आवडता स्फटिक पिण्याच्या पाण्यात ठेवा, असं म्हटलंय. सेलेनाइट म्हणजे जिप्सम, ते पाण्यात झिजतं. मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, ते पिण्याच्या पाण्यात ठेवू नये. ॲमेथिस्ट सतत उन्हात ठेवला तर रंग उडतो. आणि पांढऱ्या सेजचा धूर जानेवारीतच सुचवला आहे: ही कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांची पवित्र वनस्पती, मागणी वाढल्यामुळे रानातून चोरून उपटली जाते. या दोन पानांसाठी मी पूर्ण एक तारा कापला.

बुध वक्री असताना यंत्रं बिघडतात अशी समजूत आहे, म्हणून त्या दिवसांवर छोटा उलटा बाण आहे. एप्रिलमध्ये 1 ते 25 असे ओळीने बाण. प्रिंटर अडकला की ताई आता मलाच विचारतात, "बाण आहे का गं आज?" बाण नसला तर तंत्रज्ञाला बोलावतात. हा समेट मला मान्य आहे.

"आपले वर्तुळ" या पानावर तेरा जणांची नावं आणि वाढदिवस लिहायला चौकटी आहेत. एकट्याने साधना करणाऱ्याला ते पान बोचतं. आम्हा एकट्यांची संख्या काही कमी नाही, आणि मंडळं सापडतात ती बहुधा लांबच्या गावी किंवा आपसात भांडून नुकतीच फुटलेली. मी त्या चौकटींत रसायनांच्या मुदती लिहिल्या. अगदी बेताच्या भरल्या.

आईचं सांगितलं नाही तर हिशोब अर्धा राहील. सुरुवातीला तिचा एकच धोसरा होता: "कुणाच्या नादी तर लागली नाहीस ना? पैसे तर मागत नाहीत ना ते?" ते कुणीच नाहीत, मी एकटीच आहे, हे ऐकून तिला हायसं वाटावं की काळजी, तेच तिला कळेना. मी तिला सावलीचं पान दाखवलं. त्यातलं तिला पटलं. डिसेंबरमध्ये तिचा फोन आला, "तुझी ती सावली मोजायची तारीख कधी आहे? मीपण मोजते." तिचं यूल 21 ला, शनिवारी झालं. आकडा कळवला, वर "माझी पावलं लहान आहेत हे धरून चाल" असंही सांगितलं.

बांधणी शिवणीची आहे, पान सपाट उघडतं. फाउंटन पेनची शाई मागे उमटते, बॉलपेन चालतं. दोन फिती आहेत, एक दिवसासाठी आणि एक पुढच्या सॅबटसाठी, ही युक्ती छान. इलॅस्टिक उन्हाळ्यापर्यंत ढिलं पडलं. रविवारचा चौकोन इतरांपेक्षा निम्मा आहे आणि प्रत्येक दिवस मध्यरात्री तुटतो, त्यामुळे रात्रपाळीवाल्यांची एकच रात्र दोन चौकोनांत विभागली जाते.

घेण्याआधी नमुन्याची पानं बघायला मिळत असतील तर थेट लिथाचं पान उघडा आणि उजवीकडची चौकट वाचा. ती वाचून सावली मोजावीशी वाटली तर घ्या. नजर डावीकडच्या मेणबत्त्यांवरच रेंगाळली तर याहून सुंदर छापलेल्या पुष्कळ दैनंदिन्या बाजारात आहेत.